चार कोपऱ्यांचा आकडा

मृदुला गेल्याचं गुरुनाथला कळलं तेव्हा त्याच्या दोन्ही हातांत कांदे होते.

शनिवार होता. वेलिंग्टनजवळच्या लोअर हटमधल्या नदीकाठच्या बाजारातून तो पुकेकोहेच्या कांद्यांची गोणी घेऊन आला होता. गोणी खालून उसवलेली निघाली, कांदे ड्राइव्हवेवर घरंगळले आणि तो वाकून ते वेचत होता. फोन घरात चार्जिंगला राहिला होता. त्यावर अकरा कॉल येऊन गेले होते, पण ते त्याला नंतर कळलं.

फाटकाशी पावलं वाजली. त्याने वर बघितलं. शूफन उभी होती. एका पायात काळा बूट, दुसऱ्या पायात तपकिरी. हातात मृदुलाचा स्टीलचा डबा.

"अहो," ती म्हणाली आणि तिने डबा दोन्ही हातांनी सावरला.

शूफन वूहानची. वीस वर्षं ती आणि मृदुला लोअर हटच्या वाचनालयात शेजारीशेजारी बसल्या होत्या. मृदुला नवऱ्याला 'अहो' म्हणते म्हणजे ते त्याचं नावच असणार, असं तिने पहिल्याच वर्षी ठरवून टाकलं होतं. खरं कळल्यावरही तिने नाव बदललं नाही. गुरुनाथपेक्षा अहो म्हणायला सोपं आहे, असं ती इंग्रजीत म्हणायची; मराठीतला तेवढाच एक शब्द तिला येत होता.

डबा भरलेला होता. ते त्याला तिच्या हातांवरच्या ताणावरून कळलं. मृदुला जेवलेली नव्हती.

"कुठे आहे ती?" त्याने विचारलं.

"हॉस्पिटलमध्ये. पण अहो, घाई करू नका," शूफन म्हणाली. "आता घाई नाही."

वाचनालयाच्या आतल्या खोलीत, शनिवारच्या चिनी वाचकांच्या बैठकीसाठी खुर्च्या मांडताना मृदुला खाली बसली आणि तिथेच गेली. हृदय बंद पडलं. वय सहासष्ट. चौदा खुर्च्या मांडून झाल्या होत्या.

*

गुरुनाथ केळुसकर रेल्वेचा माणूस. आधी मुंबईत, मग इथे वेलिंग्टनच्या गाड्यांवर, चौतीस वर्षं सिग्नलचं काम केलं. पुस्तकं हा त्याचा प्रांत नव्हे. घरात पुस्तकं होती ती मृदुलाची. तो त्यांच्यासाठी फळ्या ठोकून द्यायचा, आणि फळी कधी वाकली नाही याचा त्याला अभिमान होता.

मृदुला आधी पुण्यात वाचनालयात होती, इथे आल्यावर पुन्हा वाचनालयातच लागली. खिडकीशी चिनी म्हातारेकोतारे यायचे, हातवारे करून काहीतरी मागायचे आणि रिकाम्या हाताने परत जायचे. पंचेचाळिसाव्या वर्षी ती संध्याकाळच्या वर्गाला जाऊन चिनी शिकू लागली. लोक हसले. गुरुनाथही थोडा हसला होता. पाच वर्षांत तिथे चिनी पुस्तकांची पहिली फळी लागली. ती ठोकायला मात्र गुरुनाथला बोलावलं नाही, कारण सरकारी वाचनालयात नवऱ्याने फळी ठोकायची पद्धत नाही.

मग तिला नाद लागला. चीनमधली सरकारी कचेरी आणि वाचनालयं जुन्याची नवी कशी झाली, हे तिला मराठीत लिहायचं होतं. त्यासाठी ती दोनदा चीनला जाऊन आली. गुरुनाथ एकदाही गेला नाही. एकदा गुडघा होता, एकदा रजा नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिसऱ्याच देशातल्या कपाटांत बघण्यासारखं काय असतं ते त्याला उमगत नव्हतं. अकरा प्रकरणं लिहून तिने पुण्याला पाठवली होती. बारावं लिहायचं होतं. त्याच्या चिठ्ठ्या जेवणाच्या टेबलावर पसरलेल्या होत्या. पोस्टकार्डाएवढ्या जाड चिठ्ठ्या, मराठीत लिहिलेल्या, प्रत्येकीच्या वरच्या कोपऱ्यात लाल पेन्सिलीने एक चिनी अक्षर. चार महिने ती दोघं सोफ्यावर ताटं घेऊन जेवत होती.

तेराव्याला लोक येणार म्हणून टेबल रिकामं करायला हवं होतं.

मुलगी कल्याणी ऑकलंडहून आली होती. तिथल्याच माउंट वेलिंग्टन भागात ती फार्मसिस्ट आहे. ती म्हणाली, "बाबा, ते तसंच एका बॉक्समध्ये टाका ना. नंतर बघू. हीप्स ऑफ टाइम आहे."

पण 'तसंच टाकणं' गुरुनाथच्या रक्तात नव्हतं. सिग्नलच्या नकाशांची कपाटं त्याने आयुष्यभर नावानिशी लावली होती. बायको आयुष्यभर वाचनालयात होती आणि तिच्या चिठ्ठ्या खोक्यात कोंबायच्या? त्याने चार बुटांचे खोके घेतले, पुठ्ठ्याच्या खुणा कापल्या आणि तीन दिवस बसून सगळ्या चिठ्ठ्या पहिल्या शब्दाप्रमाणे अ पासून ज्ञ पर्यंत लावल्या. दोनशे अठरा भरल्या. कल्याणी चहा देऊन जायची, तो ढुंकून बघत नसे. त्या तीन दिवसांत तो एकदाही रडला नाही. काम चोख झालं. लोक आले, जेवले, आणि खोके बघून दोघाचौघांनी मानही डोलावली.

*

पुढच्या आठवड्यात पुण्याहून जगदीशचा फोन आला. जगदीश म्हणजे मृदुलाचा प्रकाशक. आधी दोन मिनिटं त्याने सांत्वन केलं, मग घसा खाकरला.

"केळुसकरसाहेब, बोलू नये आत्ता, पण दिवाळीला पुस्तक काढायचं असलं तर दसऱ्यापर्यंत मजकूर हातात हवा. मृदुलाताईंचं बारावं प्रकरण कुठवर आलंय?"

"चिठ्ठ्या आहेत. दोनशे अठरा."

"चिठ्ठ्या छापता येत नाहीत हो. मी काय म्हणतो, अकरा प्रकरणं आहेत, उत्तम आहेत. शेवटचं आमच्याकडचा एक मुलगा लिहून देईल. चीनचा अभ्यास आहे त्याचा. चटपटीत लिहितो. ताईंच्याच नावाने जाईल, काळजी नको."

रेल्वेत एकाने केलेल्या जोडणीवर दुसऱ्याने सही करायची नसते, एवढं गुरुनाथला ठाऊक होतं.

"तिच्या नावाने दुसऱ्याचं जाणार नाही," तो म्हणाला. "बारावं तिचंच येईल."

"लिहिणार कोण?"

"लिहिलेलं आहे. नुसतं लावायचंय."

जगदीश नम्रपणे म्हणाला, "बघा बुवा. दसरा."

फोन ठेवल्यावर गुरुनाथने शूफनला बोलावलं. लावायला काय लागतं? चिठ्ठ्या तर लावलेल्याच होत्या. कुठे अडलं तर तिने इंग्रजीत सांगायचं आणि त्याने ते मराठीत उतरवायचं, असा त्याचा बेत होता.

*

शूफन गुरुवारी आली. तिला मोतीबिंदू झाला होता. ऑपरेशनच्या यादीत नाव लागलेलं होतं, बोलावणं आलं नव्हतं. जिन्याच्या कठड्याला धरून ती वर आली. गुरुनाथने खोके समोर मांडले आणि हाताची घडी घालून उभा राहिला.

तिने एक खोका बोटांनी चाचपला. खुणा चाचपल्या. चिठ्ठी डोळ्याशी नेली, दुसरी नेली, तिसरी नेली.

"अहो, हे कोणी केलं?"

"मी. तीन दिवस लागले."

"कशाप्रमाणे लावलंय?"

"बाराखडीप्रमाणे. वाचनालयात लावतात तसं."

शूफन खुर्चीत बसली. "टेबलावर तिने पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रकरण मांडून ठेवलं होतं," ती म्हणाली. "डावीकडून सुरू, उजवीकडे शेवट. आम्ही दोघी चार महिने तेवढंच करत होतो."

गुरुनाथने खोक्यांकडे बघितलं. एकही चिठ्ठी हरवलेली नव्हती आणि सगळंच हरवलं होतं.

"माझ्या लहानपणी," शूफन म्हणाली, "जुनं ते सगळं मोडा असं सुटलं होतं तेव्हा, आमच्याकडे पोरांनी एका वाचनालयाची कार्डं रस्त्यावर आणून ओतली होती. पण अहो, ती पोरंसुद्धा इतकी टापटीप नव्हती."

आणि ती हसायला लागली. हसता हसता डोळे पुसायला लागली. गुरुनाथ उभाच होता. चहा टाकायला हवा एवढंच त्याला सुचलं. त्याने चहा टाकला.

कप हातात घेतल्यावर ती म्हणाली, "तिची निळी वही कुठाय?"

निळी वही त्याने बघितली होती. तिच्यात नुसते आकडे होते, चार चार आकड्यांचे, एकाखाली एक. ७७७७, ५०६०, १०१०, असे पानामागून पान. फोन नंबर असावेत असं वाटून, नंतर कळवायला लागेल म्हणून, त्याने ती ड्रॉवरमध्ये ठेवली होती. तो घेऊन आला.

"वाचा पहिला."

"सात सात सात सात."

शूफनने कप खाली ठेवला. "दार," ती म्हणाली. "देवा, हिने क्रम लिहून ठेवलाय. दाराचं अक्षर ज्या चिठ्ठीवर आहे ती पहिली."

मग तिने समजावून सांगितलं. चिनी अक्षरांना बाराखडी नाही. तिथे जुन्या काळी पुस्तकं ठेवायच्या जागेला जे नाव होतं त्याचा अर्थच ग्रंथ राखून ठेवायची माडी असा होता. राखणारा एक, त्याला सगळं तोंडपाठ, मग क्रम हवाय कशाला? पण माडीचं वाचनालय झालं, कचेरीत हजारो कागद आले, आणि नवा कारकूनसुद्धा कागद शोधू शकला पाहिजे अशी वेळ आली. तेव्हा, शंभर वर्षांपूर्वी, शांघायमध्ये एक तोडगा निघाला. अक्षराचे चार कोपरे बघायचे. वरचा डावा, वरचा उजवा, खालचा डावा, खालचा उजवा. कोपऱ्यात आडवी रेघ असली तर एक, उभी असली तर दोन, ठिपका तीन, फुली चार, चौकोन सहा, वळलेला कोपरा सात. असे शून्य ते नऊ. एक रेघ दोन कोपऱ्यांपर्यंत गेली तर पहिल्यांदा मोजायची, दुसऱ्यांदा शून्य. चार कोपरे, चार आकडे, झाला अक्षराचा नंबर.

"वूहानच्या विद्यापीठात ग्रंथालयाचं शिकले तेव्हा मी हे तासाला तीनशे कार्डांच्या हिशेबाने करायचे," शूफन म्हणाली. "मृदुलाला मी शिकवलं. आता या डोळ्यांना लाल पेन्सिल दिसत नाही."

"अर्थ माहीत असायला लागतो?"

"नाही. नुसतं बघता यायला पाहिजे."

"मग ते सिग्नलसारखंच आहे की," गुरुनाथ म्हणाला. "लाल का लागला ते ड्रायव्हरला कळावं लागत नाही. लागलेला ओळखला की झालं. मी करतो."

*

ऑगस्ट सरला, सप्टेंबर लागला. दर गुरुवारी शूफन यायची. एरवी गुरुनाथ एकटा बसायचा. सकाळी नऊला टेबलाशी, साडेबाराला जेवण, दोनला पुन्हा टेबलाशी. टेबलावर जेवायचं त्याने सोडलं, ताट घेऊन सोफ्यावर बसू लागला.

पहिल्या आठवड्यात चुका फार झाल्या. तो फुलीला ठिपका म्हणायचा. शूफन त्याला अक्षराचं वर्णन करायला लावायची आणि रागवायची.

"खाली डावीकडे काय आहे?"

"पाय."

"पाय नसतो! रेघ असते!"

"तिरपी रेघ. पायासारखी."

"अहो, तुमच्या गाड्या रुळावर राहिल्या कशा?"

दुसऱ्या आठवड्यात त्याचा हात बसला. एकदा तिने मुद्दाम हवेत बोटाने एक अक्षर काढलं आणि त्याने पटकन आकडा सांगितला, तेव्हा ती म्हणाली, "वूहानमध्ये परीक्षेला बसलात तर पास व्हाल. शेवटून दुसरे, पण पास."

एक अडचण मात्र होती. एकाच आकड्याची दोन-तीन अक्षरं निघायची. मग कोणती आधी ते चिठ्ठी वाचूनच ठरवावं लागे. लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली होती, आणि बायकोने लिहिलेलं गुरुनाथ पहिल्यांदाच नीट बसून वाचत होता.

'शाओशिंग, १९०४च्या सुमारास. एका सद्गृहस्थाने घरची पुस्तकं गावासाठी उघडली. नियमांत वाचकांच्या जेवणाची सोय लिहिली आहे. जो जेवणाचा विचार करतो, तो पुस्तकं दाखवत नाही, वाचायला देतो.'

'१९०५. सरकारी चाकरीची तेराशे वर्षांची परीक्षा एका हुकुमाने बंद. काल जो विद्वान होता त्याला आज नोकरी शोधायची आहे. नव्या कचेरीत पहिली काही वर्षं कोणाला काय येतं हे कोणालाच माहीत नसणार. त्या गोंधळाची टिंगल करू नये. आपल्याकडे तो अजून आहे.'

'वूचांग, १९१०. वाचनालय उघडलं. पुस्तकं नुसती वाचकांची वाट बघत बसली नाहीत. पेट्यांत भरून शाळांत आणि कारखान्यांत पाठवली.'

ही चिठ्ठी त्याने शूफनला इंग्रजीत सांगितली तेव्हा ती खुर्चीत ताठ बसली. "ते आमचं गाव. वूचांग आता वूहानमध्येच येतं," ती म्हणाली. "तिथेच पुढे ग्रंथालयाची शाळा निघाली. मी शिकले ती तिचीच नात."

आणि मग एक चिठ्ठी आली, जिच्यात चीन नव्हता.

'मी बारा वर्षांची. गावचं वाचनालय. कपाटांना कुलूप, चावी कारकुनाच्या कमरेला. पुस्तक मागितलं. मान वर न करता म्हणाला, वडलांना पाठव. राज्य बदललं की नाही ते राजवाड्यात जाऊन बघू नये. खिडकीशी बघावं. पलीकडचा माणूस मान वर करतो की नाही.'

हे तिने त्याला कधी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं आणि तो ऐकत नव्हता? तो उठला आणि मागच्या अंगणात जाऊन उभा राहिला. शनिवारच्या बैठकीला येणारे म्हातारे त्याला आठवले. बायको गेल्यावर ते सगळे ओळीने अंत्यसंस्काराच्या हॉलमध्ये आले होते. त्यातला एक जण मोडक्या इंग्रजीत म्हणाला होता, "शी लुक अप. एव्हरी टाइम." गुरुनाथला तेव्हा वाटलं होतं, या बिचाऱ्याला नीट बोलता येत नाही. त्याला नीटच बोलता येत होतं.

त्या दिवशी त्याने कल्याणीला फोन केला.

"तुझी आई फार मोठी बाई होती गं."

"आय नो, बाबा," कल्याणी म्हणाली. "तुम्हाला आत्ता कळलं?"

"हो," तो म्हणाला. "आत्ता."

*

दसऱ्याला नऊ दिवस राहिले तेव्हा दोनशे सतरा चिठ्ठ्या क्रमाने लागल्या होत्या. निळ्या वहीत दोनशे अठरा आकडे होते. शेवटचा होता ६०००. त्याची चिठ्ठी नव्हती.

"सहा हजार म्हणजे तोंड," शूफन म्हणाली. "उघडी जागा. खिडकीसाठी आमच्याकडे जो शब्द आहे त्यात ते अक्षर येतं. म्हणजे शेवट तिने खिडकीवर केला होता. ती चिठ्ठी कुठेय, अहो?"

"नाहीये."

"तेराव्याला आवरताना फेकली नाही ना?"

"मी काही फेकत नाही."

"मग दोनशे अठरा मोजल्या होत्या, त्यातली एक कुठे गेली?"

गुरुनाथने निळी वही मिटली. दोनशे अठरावी चिठ्ठी कुठे आहे ते त्याला पक्कं ठाऊक होतं. ती त्याच्या शर्टाच्या खिशात होती. सप्टेंबरच्या सुरुवातीपासून. शर्ट बदलला की तो ती नव्या शर्टात ठेवायचा.

त्या चिठ्ठीवरचं अक्षर म्हणजे एक साधा चौकोन होता. त्याने चार कोपरे बघितले होते, चारही चौकोनाचे. सहा सहा सहा सहा. वहीत ६६६६ कुठेच नव्हता. म्हणजे ही प्रकरणातली नाही, असं त्याने ठरवलं. मजकूरही तसाच होता, माहिती नव्हती, घरगुती टाचण होतं. आणि तो मजकूर वाचल्यावर ती चिठ्ठी खोक्यात ठेवायला त्याचा हात धजला नव्हता. शूफनला त्याने ती दाखवलीही नाही. एवढ्या मोठ्या ढिगात एक तरी आपली असावी, असं त्याला वाटलं.

आता तो खाली मान घालून बसला होता. बुटांचे खोके समोर होते. कमरेला चावी लावलेला तो कारकून त्याला आठवला. त्याला लाज वाटली.

"शूफन," तो म्हणाला, "नुसता चौकोन असला तर त्याचा आकडा काय?"

"चौकोन एकदाच मोजायचा. सहा, आणि पुढे तीन शून्यं."

"चौकोनाला चार कोपरे असतात."

"इंजिनिअरच्या चौकोनाला असतात. आमचा एकच धरायचा. रेघेचा नियम तोच चौकोनाला. का?"

त्याने खिशातून चिठ्ठी काढली आणि टेबलावर ठेवली. घडीवर घामाचा डाग होता.

"ही माझ्याकडे होती."

शूफनने ती डोळ्याशी नेली, पण मराठी तिला येत नव्हती. "वाचा," ती म्हणाली.

गुरुनाथने वाचली. आधी मराठीत, जशी होती तशी. मग इंग्रजीत.

'शेवट. वूहानचं सेवा केंद्र. पूर्वी दहा कचेऱ्या हिंडायला लागायच्या, आता एका छताखाली सगळ्या खिडक्या. म्हणतात. अर्धं काम फोनवर होतं, म्हणतात. ऐकीव लिहायचं नाही. स्वतः रांगेत उभं राहायचं, घड्याळ लावायचं, खिडकीतला माणूस मान वर करतो का बघायचं, मग लिहायचं. फोन वापरता न येणारी म्हातारी माणसं काय करतात तेही बघायचं. शूफनबरोबर. ह्यांनाही न्यायचं. दोनदा चुकलंय, आता चुकवू द्यायचं नाही. ह्यांना फळ्या बघायला आवडतील.'

शूफनने हात पुढे केला आणि चिठ्ठी दोनशे सतराव्या चिठ्ठीशेजारी, टेबलाच्या उजव्या टोकाला, सरळ करून ठेवली.

"लबाड," ती म्हणाली. "महिनाभर."

"हो."

"मीही लपवली असती," शूफन म्हणाली. "चहा करा."

*

दसऱ्याच्या आदल्या दिवशी गुरुनाथने बारावं प्रकरण जगदीशला पाठवलं. दोनशे सतरा चिठ्ठ्या, तिच्याच शब्दांत, तिच्याच क्रमाने, एकही वाक्य वाढवलेलं नाही. जिथे दोन चिठ्ठ्यांमध्ये सांधा नव्हता तिथे त्याने एक ओळ मोकळी सोडली होती. टाइप करायला आठ दिवस लागले. डाव्या हाताचं एक बोट आणि उजव्या हाताचं एक. दोनशे अठरावी चिठ्ठी त्याने टाइप केली नाही, तिचा फोटो काढून पाठवला आणि खाली लिहिलं, हे व्हायचं आहे.

चार दिवसांनी जगदीशचा फोन आला. या वेळी घसा खाकरला नाही.

"केळुसकरसाहेब, मी काल सलग वाचलं. त्या मोकळ्या ओळी तशाच ठेवू. आमच्या त्या मुलालाही दाखवलं. तो म्हणाला, मला हे लिहिता आलं नसतं."

"आलं नसतंच," गुरुनाथ म्हणाला. "ती वीस वर्षं खिडकीशी बसली होती."

"पण शेवटाचं काय? पुस्तक असं अधांतरी सोडता येत नाही हो. एक परिच्छेद टाकू? चीन आता कुठे पोचलाय वगैरे. आकडेवारी मिळते."

"तिने लिहिलंय, ऐकीव लिहायचं नाही."

"अहो पण दिवाळी..."

"दिवाळी जाऊ दे."

पलीकडे जगदीश हिशेब करत असावा. मग म्हणाला, "गुढीपाडव्याला काढू. पण शेवट लागेल मला. तुम्ही जाणार वूहानला?"

गुरुनाथने टेबलाकडे बघितलं. दोनशे अठरा चिठ्ठ्या डावीकडून उजवीकडे मांडलेल्या होत्या. त्याने त्या उचलल्या नव्हत्या. गुरुवारी शूफन आली की ती हात लावून शेवटची जागेवर आहे ना एवढं बघायची.

"माझ्या बायकोने नेमणूक केलीय माझी," तो म्हणाला.

शूफनच्या डोळ्याला अजून बोलावणं आलेलं नाही. गुरुनाथच्या पासपोर्टची मुदत दोन वर्षांपूर्वी संपली, तो नवा करायला टाकलाय. शाओशिंग झालं, वूचांग झालं, परीक्षा, पेट्या, कुलपं सगळं झालं. वूहानच्या त्या खिडकीसमोर अजून कोणी उभं राहिलेलं नाही.